पाऊण मापाचे बूट

—नाही नाही, बसा हो, उठताय कशाला, तुम्हाला नाही म्हणणारी मी कोण? नाही ती म्हणालीय. स्वतःच्या तोंडाने कळवलंय तिने तुमच्या कंपनीला मागच्या वर्षी, की ही जबाबदारी मला झेपणार नाही — आणि आता तुम्ही एवढ्या लांबून स्वतः आलात, का म्हणून विचारायला, तर सांगते ना मी, का ते. फक्त इथे जरा मोठ्याने बोलावं लागतं हं, राग मानू नका. त्या दारामागे मशीन चालू आहे, चामडं कापायचं, आणि त्याच्या टेबलाखाली पंप असतो — हवा खाली ओढून धरतो, म्हणजे चामडं जागचं हलत नाही — त्याची ही घरघर. सवय झालीय आम्हाला, या घरात आम्ही जेवतानासुद्धा ओरडूनच बोलतो. आज सुट्टी आहे, कारागीर कुणी नाहीत, आत ती एकटीच आहे. सुट्टीच्या दिवशीही काम करते आता. तिला इथलं काही ऐकू जायचं नाही, तेव्हा बोला तुम्ही बिनधास्त. म्हणजे, ऐका. बोलते मीच.

माझी धाकटी जाऊ ती. हुशार आहे, कोण नाही म्हणतं? तुम्हाला ती हवीय, तुमच्या त्या कृत्रिम पायांच्या कारखान्यात, मोठ्या खुर्चीवर, ते मला समजतं. पण तुम्ही तिची कामं बघितलीत, तिला कुठे बघितलंय? मी बघतेय. एका ओट्याशी उभ्या राहतो आम्ही दोघी. हा कारखाना सासऱ्यांनी काढला — साधे बूट नाहीत करत आम्ही, वाकडे पाय, आखूड पाय, एक लहान एक मोठा, अशांचे बूट. हॉस्पिटलातून मापं यायची आणि साचे मी काढायचे. पुठ्ठ्यावर, हाताने. हा अंगठा बघा — नाही, बघा ना, घाबरू नका — हा घट्टा कात्रीचा आहे. सासरे चारचौघांत म्हणायचे, थोरलीच्या कात्रीला डोळे आहेत. मग ही आली लग्न होऊन, बगलेत लॅपटॉप घेऊन. दीर जहाजावर, वर्षातून एकदा उगवणार, हिला दिवसभर उद्योग काय? तर हिने माझे साचे कॉम्प्युटरवर काढायला घेतले. आणि काढायचे म्हणजे रेघा ओढत नाही बसत ती. लिहिते. ओळीच्या ओळी लिहिते — इथून निघ, इथे वळ, टाच एवढी, चवडा एवढा — आणि वर पायाची मापं बदलली की खालचं सगळं चित्र आपोआप त्या पायाचं होतं. मला एका बुटाला अख्खी सकाळ लागायची. हिचं चहा गार व्हायच्या आत काम संपायचं, वर विचारायची, ताई, दुसरं माप आहे का? एकदा सासऱ्यांनी तिचा छापलेला कागद माझ्या पुठ्ठ्यावर ठेवला, खिडकीशी उजेडात धरला, आणि कात्री घेऊन माझ्या पुठ्ठ्याची कड जराशी कापून टाकली. तिच्या कागदाची नाही हं, माझ्या पुठ्ठ्याची. एवढंसं कातरण खाली पडलं, ते मीच उचललं, कारण केर काढायचं काम तेवढं माझ्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं.

असो. तुम्हाला ती चूक ऐकायचीय ना, ती गाजलेली? मला त्या कॉम्प्युटरमधलं काडीचं कळत नाही, कानावर पडलंय तेवढं सांगते. चित्र एकच असतं, पण ते बाहेर कुठल्या रूपात काढायचं ते प्रोग्रॅमला सांगावं लागतं — पीडीएफ काढ, एसव्हीजी काढ, नुसता फोटो काढ. आपल्याला वाटतं, नाव वेगळं, चित्र तर तेच. कुठलं तेच? तिचा प्रोग्रॅम इंचात बहात्तर ठिपके धरतो. पीडीएफ काढलं तर आमचं मशीनही बहात्तरच धरतं, माप जिथल्या तिथे. एसव्हीजी काढलं तर मशीन धरतं शहाण्णव. म्हणजे तिच्या एका इंचाचा मशीनवर झाला पाऊण इंच. आणि तक्रार? तक्रार नाही करत हो मशीन, दोन्ही फायली मुकाट्याने गिळतं, सुरी खाली येते आणि कापत सुटते. चित्र तंतोतंत, एक वळण इकडचं तिकडे नाही, फक्त सगळं पाऊण.

आता हे कुठलं रूप, ते प्रत्येक चित्राच्या डोक्यावर लिहून टाकता येतं. पण आमच्या बाईसाहेबांचा हट्ट, की नाही, ते एकाच ठिकाणी लिहायचं. सेटिंगची एक छोटीशी फाइल असते, प्रत्येक चित्र काढण्याआधी प्रोग्रॅम ती आधी वाचतो. उघडली तर चार ओळी — कागद केवढा, चित्र झाल्यावर पडद्यावर दाखवायचं का, आणि बाहेर काय काढायचं. पीडीएफ. मी म्हटलं होतं तिला, अगं, दर चित्रावर लिही की, बोटं झिजतात का तुझी? तर हसली, म्हणाली, ताई, एकाच ठिकाणी असलं म्हणजे एकाच ठिकाणी लक्ष ठेवायचं. मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून दाखवली होती ती फाइल. मी आजारी पडले तर तुम्हाला यायला हवं, म्हणे. या ओळीला मात्र कधी हात लावू नका, ताई, ही बदलली तर सगळं पाऊण होईल. मला शिकवत होती. माझ्या अंगठ्याला घट्टा, आणि ही मला बोट धरून शिकवत होती.

तर, तुमच्या कंपनीचं बोलावणं आलं. जेवताना सांगितलं तिने, इतक्या हळू सांगितलं की पंपाच्या आवाजात कुणाला कळलं नाही, दोनदा सांगावं लागलं. आणि आमचे हे — जे माझ्याशी मीठ दे याच्यापलीकडे बोलत नाहीत — हे उठले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, कारखान्याचं नाव काढलंस पोरी. डोळ्यांत पाणी होतं यांच्या. मी ताटं उचलली. कुणीतरी उचलायला हवीच ना. आणि ती गेल्यावर काय, हे कुणी विचारलं का? तिने लिहिलेल्या त्या ओळी तिच्याशिवाय कुणाला वाचता येतात? पुठ्ठे सगळे तिने आल्यावर अडगळीत टाकलेले, कात्रीला गंज. म्हणजे आधी माझं काम घ्यायचं आणि मग ते घेऊन उडून जायचं, आणि मी इथे दाराशी उभी राहून हात हलवायचा. वा.

मोठी ऑर्डर होती तेव्हा हातात, हॉस्पिटलच्या मुलांची. ती पुरी करूनच जाते म्हणाली. शहाणी ना. प्रत्येक पोराचा पाय निराळा, कुणाचा आत वळलेला, कुणाचा आखूड. आदल्या दिवशी सगळे साचे कागदावर छापून तिने स्वतः पट्टी लावून बघितले, बरोबर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनसाठी फायली काढल्या, मशीनच्या फोल्डरमध्ये टाकल्या, बटण दाबलं. दिवसभर मशीन चाललं. कापणाऱ्यांना शंका आली का? नाही आली. लहान मुलांचे बूट म्हटल्यावर तुकडे लहानच असणार, त्यात काय बघायचं? दुपारी शिवणारा बाहेर आला, हातात वरचं कातडं आणि पायाच्या आकाराचा लाकडी फर्मा, म्हणाला, हे यावर चढत नाही. मग दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. एकही चढेना. सगळं चांगलं चामडं, मऊ, खास त्या मुलांच्या पायांना टोचू नये म्हणून आणलेलं — बाहुल्यांचे बूट करायच्या लायकीचं झालं. आमचे हे खाली बसले, जमिनीवर. ती तशीच उभी, तोंडात मारल्यासारखी.

काय? — दाराकडे काय बघताय सारखे? मशीन आहे तिथे, सांगितलं ना. ती येणार नाही बाहेर. मी हाक मारल्याशिवाय येत नाही ती.

ऐका तर. मुलांना बोलावलं होतं बूट घालून बघायला. आमचे हे म्हणाले, हॉस्पिटलला कळवू, पुढची तारीख घेऊ. मी म्हटलं, काही कळवायचं नाही, येऊ देत. का? का म्हणजे, ज्याने केलं त्याने तोंड दाखवावं की नको? आली सगळी. इथे, तुम्ही बसलात त्याच बाकावर ओळीने बसवली. एक मुलगी होती, डावा पाय हा एवढा बारीक, नवीन मोजे घालून आली होती, खास, आणि मोजे खराब होऊ नयेत म्हणून पाय वर धरून बसलेली. मी धाकटीला बाहेर बोलावलं. त्या पोरीच्या हातात ते कापलेलं कातडं दिलं आणि म्हटलं, बाळ, तुझे बूट नाही झाले, या मावशीने बिघडवले, का बिघडवले ते तिलाच विचार. पोरगी कातडं पायाला लावून बघत राहिली, इकडून, तिकडून. मग धाकटीला म्हणाली,

"मग हे कुणाचे आहेत?"

बस, एवढंच. धाकटी तिच्यापुढे खाली बसली, तिचा तो पाय दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांसमोर रडत म्हणाली, माझी चूक झाली. मला तर ते नाटक वाटलं. पण त्याच संध्याकाळी तुम्हाला नकार कळवला तिने. मी तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं हं, जाऊ नकोस म्हणून. यांनी समजावलं, दिराने जहाजावरून फोन केला, चिडला, ओरडला तिच्यावर. ही आपली एकच धरून बसली — ज्यांचे पाय आधीच असे आहेत, त्यांच्याशी माझ्या हातून पुन्हा असं झालं तर? मी म्हटलं, बरोबर आहे तिचं. आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी शहाणपणाचं बोललं.

हात कसला वर करताय? थांबा हो, होऊ दे माझं, एवढं ऐकलंत तर पुढचंही ऐका. आणि आता बघा तिला. चूक कळली की माणूस किती सुधारतं, ते बघायचं असेल तर आत जाऊन बघा. स्टीलची पट्टी घेतलीय तिने एक. मशीनमधून तुकडा निघाला की पट्टी. दुसरा निघाला की पट्टी. कागदाला पट्टी, चामड्याला पट्टी, पडद्यालासुद्धा लावते कधीकधी, काचेवर. खिशात असते, जेवताना मांडीवर असते. परवा पोळपाटाला लावत होती, मी बघितलं. आणि प्रत्येक ऑर्डरच्या आधी मला येऊन विचारते, ताई, कापू? जिला माझ्या पुठ्ठ्यांची गरज नव्हती, ती. मी लगेच हो म्हणत नाही. म्हणते, भाजी चिरून होऊ दे. भाजी चिरते, हात धुते, पुसते, ती उभीच. मग जाते, बघते, म्हणते, हं, काप. काय बघते मी? काही नाही बघत. पण उभी राहते ना ती? कुणी आवाज चढवत नाही, कुणी मारत नाही, खायला-प्यायला वेळेवर, मग मघाशी आल्या आल्या आत डोकावलात तेव्हा तुम्हाला तिच्या तोंडावर काय दिसलं, की तुम्ही मला विचारलंत ती आजारी आहे का? आजारी नाही. जमिनीवर आलीय.

आता तुम्ही म्हणाल, तिने शोधलं नाही का, चूक कुठे झाली ते? शोधलं की. डोकं फुटेस्तोवर शोधलं. आधी मशीनचं फोल्डर बघितलं, तर तिथे एसव्हीजी. मग सेटिंगची फाइल उघडली, तर तिथे सरळ पीडीएफ लिहिलेलं. असणारच ना पीडीएफ, सगळे बाहेर त्या चामड्याभोवती जमून रडत होते, तेवढ्यात दोन मिनिटांचं काम, आणि ती बघायला येईपर्यंत परत —

परत जाऊन बघितलं तिने, असं म्हणत होते मी. तर तिने स्वतःच ठरवलं, की सेटिंग बरोबर आहे म्हणजे फायली काढताना घाईत मीच वरून दुसरं नाव दिलं असणार. तसंही देता येतं म्हणे. तिला आठवत नव्हतं. पण आठवत नाही म्हणजे केलंच असणार, अशी ती. दुसऱ्यावर संशय घ्यायची अक्कलच नाही तिला. फाइल शेवटची कधी बदलली ती वेळसुद्धा दिसते कॉम्प्युटरवर, कुणी बघितली? मी वाट बघत होते, आता बघेल, आता बघेल. नाही बघितली.

असे काय बघताय माझ्याकडे? काय म्हणालंत — मला काडीचं कळत नाही, तर हे सगळं कसं कळलं? तिनेच शिकवलं ना. सांगितलं ना मघाशी, टेबलाशी बसवून. ही ओळ, ताई. या ओळीला हात लावू नका, ताई. एक शब्द हो. इंग्रजीतली तीन अक्षरं पुसायची, दुसरी तीन लिहायची, आणि ते अवतरण चिन्ह तेवढं पुसू द्यायचं नाही, नाहीतर प्रोग्रॅम बोंबलतो. माझी कात्री आयुष्यभर चालली तर कुणी विचारलं नाही, आणि तीन अक्षरांनी अख्खं घर जमिनीवर बसलं. हो, बदललं, आदल्या रात्री. काय कराल? यांना सांगाल? सांगा. मी रडेन, हे गप्प बसतील. तिला सांगाल? तिला पटायचं नाही. ताई असं करणार नाहीत, म्हणेल. उलट तुमच्यावरच चिडेल. ती पोरगी ना, नव्या मोज्यांची, तिचे बूट धाकटीने मग स्वतः शिवले, हाताने, आणि दिले, आणि तरीही पट्टी सुटली नाही हातातली. इतकी पक्की बसलीय ती चूक तिच्या अंगात. मी बसवलीय. माझा साचा आहे तो, साहेब, आणि या साच्याची कड कुणी कापू शकत नाही, सासरे असते तरी —

काय? हळू? हळू कशाला बोलू, या पंपाच्या घरघरीत —

पंप कधी बंद झाला?

साहेब, मी विचारतेय तुम्हाला, पंप कधी बंद झाला? मी मुलांचं सांगत होते तेव्हा? त्याच्याही आधी? मघाशी हात वर केलात तो — मग बोलला का नाहीत? तोंड आहे ना?

धाकटे. अगं, दारात काय उभी राहिलीस, आत ये किंवा बाहेर जा. काम संपलं तर हाक नाही मारायची? हे साहेब आलेत, त्यांना तुझी आठवण आली. आम्ही आपलं बोलत होतो, जुनं काहीतरी. गंमत. तू मनावर घेऊ नकोस — आणि घेतलंस तर घे. ऐकलंस तर ऐकलंस. मी काय तुला घाबरते? एवढी वर्षं माझ्या हातचं खाल्लंस. पुढची ऑर्डर आहे ना पडून? मशीन चालू कर. मशीन चालू कर म्हणते ना, हे काय ऐकायची सवय नाही मला, ही शांतता. बघतेस काय? रडत का नाहीस? दुसऱ्यांपुढे रडता येतं तुला, पोरांचे पाय धरून.

तुम्ही निघा आता, साहेब. दाखवलं मी तुम्हाला दार. आणि तू कुठे निघालीस? चप्पल का घालतेस? बरं, जा. यांच्याबरोबर जा, कुठेही जा, तिकडे मोठी खुर्ची आहे. पण एक सांगून ठेवते, तिथे जाऊनही तू प्रत्येक तुकडा मोजत बसशील, दहा-दहा वेळा मोजशील, झोपेत मोजशील. ते मी दिलंय तुला. ते कुणी काढून घ्यायचं नाही तुझ्याकडून, आणि तुला सोडायचं म्हटलं तरी सुटायचं नाही —

ती पट्टी इथे का ठेवतेस?

धाकटे. पट्टी उचल. ऐकतेस का? पट्टी घेऊन जा तुझी.